पेटीचा कान

सोमवार, सहा तारीख. पेटीचा तिसरा दिवस.

मोजपट्टीस,

आजीचा आशीर्वाद, पण सध्या अर्धाच. उरलेला तुझं उत्तर आल्यावर.

हे पत्र समोरचा शिंपीमास्तर लिहितोय. मला अक्षर येत नाही हे तुला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे, म्हणूनच मी त्याला दोनदा बजावलंय की मी बोलेन तसंच उतरव, कापडासारखं मापात कापू नकोस. त्याने मान डोलावली. मान डोलावणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही. पण लिहिता येणारा, दुपारी रिकामा असणारा आणि तुझ्या आईशी न बोलणारा दुसरा माणूस या गल्लीत नाही. तिच्या कोटाच्या बाह्या याने आखूड केल्यापासून दोघांचं बोलणं बंद आहे. माझ्या पथ्यावर पडलं.

फोन का नाही केला म्हणशील. फोन तुझ्या आईच्या हातात असतो. मी बोलायला लागले की ती नेमकी तिथेच येऊन भाजी निवडत बसते. आणि दोन वर्षांत तू माझ्याशी फोनवर दोनदा बोललीस, दोन्ही वेळा म्हणालीस, आजी आवाज तुटतोय. माझ्याकडचा तुटत नव्हता.

तर मुद्दा असा, की पेटीला कोणीतरी हात लावतंय.

मास्तरला पेटी म्हणजे काय ते सांगावं लागलं, ते त्याने इथेही लिहिलंय. तू पुढे गेलीस तरी चालेल. अंडी उबवायची लाकडी पेटी, माझ्या छातीएवढी उंच, भिंती दुहेरी, मध्ये भुसा ठासलेला. डाव्या भिंतीला आतून दोन दिवे. पंखा नाही. हवा स्वतःच्या पायांनी चालते. डाव्या भिंतीशी तापते, वर चढते, छताखालून उजवीकडे जाते, तिथे गार होऊन खाली उतरते आणि तळातून पुन्हा दिव्यांकडे येते. कोणी ढकलत नाही, कोणी थांबवत नाही. बाहेरच्या बाजूला एक लाकडी कान आहे. उजवीकडे पिळला की दिवे तापतात, डावीकडे पिळला की शांत होतात. वर दोन भोकं, त्यांना बुचं. एवढ्यावर मी चाळीस वर्षं पिल्लं काढली. अंडं पापणीला लावायचं, पापणी सांगेल ते ऐकायचं. पूर्वी आत थर्मामीटरची नळी होती. ती फुटली. नळ्या फुटतात.

तुझ्या बापाला आता पंख्याचं यंत्र आणायचंय. गेल्या दोन खेपा वाईट गेल्या, हे खरं. त्याने मला तीन खेपांचा शब्द दिलाय. या तिसऱ्या खेपेत निम्म्याहून जास्त पिल्लं निघाली तर पेटी राहील आणि पेटीशी मीही राहीन. नाही निघाली तर पेटी फोडून तिच्या फळ्यांचं कपाट होईल, आणि मी त्या कपाटाशेजारी खुर्ची टाकून बसेन. त्यात ही अंडी ठिपकेवाल्या कोंबड्यांची. नऊच उरल्यात, म्हाताऱ्या झाल्यात, दहा दिवस सगळ्यांच्या मागे लागून छत्तीस जमली. पुढच्या वर्षी त्या घालणार नाहीत. ही गेली तर ठिपके गेले.

छत्तीस म्हटल्यावर तुझी आई हसली. मला कळेना का हसते. मास्तरने खडूने कापडावर छत्तीस काढून दाखवलं. दोन आकडे एकमेकांकडे पाठ करून बसलेत. म्हटलं, हे तर आमच्या स्वयंपाकघरातलं चित्र आहे.

शनिवारी अंडी लावली. रविवारी दुपारी डोळा लागला, उठून पापणीला अंडं लावलं तर गार. आज पुन्हा तेच. मी पेटीत फक्त अंड्यांची कूस बदलायला हात घालते, बाकी कशाला नाही. घरात माणसं तीन. तुझा बाप खुराड्यापलीकडे जात नाही. उरलं कोण ते तूच मोज.

तू बंद पेटीतली हवा मोजायलाच शिकलीस, मोठी झालीस, म्हणून तर तुला मोजपट्टी म्हणते. एवढंच सांग, की हवा आपली आपण गार होते का, की त्याला माणूस लागतो.

दोन वर्षांपूर्वीची चाळीस अंडी मेली तेव्हा तुझ्या तारा पेटीत होत्या, घरात सगळ्यांनी तुला बोल लावला, मीही लावला, आणि तू बॅग भरलीस. तो विषय आज नाही.

तुझी आई चहाही हल्ली गार देते. मुद्दाम देते असं माझं म्हणणं नाही. मास्तर, हे वाक्य दोनदा लिही.

आजी


शुक्रवार, दहा तारीख. पेटीचा सातवा दिवस.

मोजपट्टीस,

तुझं उत्तर नाही. टपालवाला रोज माझ्याकडे बघून लांबूनच हात हलवतो, म्हणजे नाही. तो तुझ्या आईशी मात्र थांबून बोलतो. असो.

आज अंडी बॅटरीच्या उजेडात धरून पाहिली. पाच कोरी निघाली. एकतिसांत लाल शिरांचं जाळं दिसलं, मधोमध काळा ठिपका, तो हललाही. तुझ्या आईने अंडी धरली, मी पाहिली. अंडी मलाच धरायची होती, पण ती म्हणाली, आई, तुमच्या बोटाला फोड आलाय, मी धरते. फोड आलाय खरा, अंगठ्याजवळ. कशाने ते माहीत नाही. उन्हात बसले असेन. डॉक्टरने विचारलं, भाजलं का. मी म्हटलं, भाजलं असतं तर कळलं नसतं का.

आता ऐक. मंगळवारी मी माझ्या डोक्यावरचा एक पांढरा केस घेतला आणि कानावरून पेटीच्या फळीवर थुंकी लावून चिकटवला. कान पिळला तर केस निघणार. जेवून आडवी झाले. तासाभराने पाहते तर केस नाही. बुधवारी पुन्हा केस, पुन्हा नाही. गुरुवारी तर तिने मला डोक्याला तेल लावून दिलं आणि म्हणाली, आई, तुमचे केस फार गळतात हल्ली. साधी गोष्ट नाही ही. ही बाई मला खेळवतेय.

मी तुझ्या बापाला सांगितलं. तो वर्तमानपत्र खाली न ठेवता म्हणाला, वाऱ्याने उडाला असेल. तेव्हा मला तुझी आठवण झाली. तू दोन वर्षांपूर्वी पेटीत सुतळीचं विझतं टोक धरून धूर फिरताना दाखवला होतास. डाव्या भिंतीशी धूर सरसर वर, उजव्या भिंतीशी सरसर खाली, आणि मधोमध ढिम्म, तिथे धूर नुसता उभा. तू म्हणालीस, आजी, गरम आणि गार जिथे अंगाला अंग घासतात तिथे सगळ्यात जास्त वाया जातं, त्या दोन्ही भिंतींशी. मधे फारसं काही होत नाही. आणि गेलेलं परत काढता येत नाही, मिसळलेलं दूध पाण्यातून काढता येत नाही तसं. त्याला नावही सांगितलंस, एन्ट्रॉपी. मला ते खोकल्याच्या औषधाचं वाटलं. वाया गेलेलं मोजायचं आणि त्याचा पगार घ्यायचा, असा धंदा मी पहिल्यांदा ऐकला.

पण खोटं नव्हतं ते. या घराचं बघ. एका भिंतीशी मी, दुसऱ्या भिंतीशी तुझी आई, घासाघीस आमची. मधोमध तुझा बाप. ढिम्म.

ती दुपारी फोन घेऊन मागच्या खोलीत जाते आणि दार लावते. मी दाराला कान लावला. बोलणं कळलं नाही, आकडे कळले. आकडे सांगते कोणाला तरी. अडतीस, साडेअडतीस. यंत्रवाल्याला माझी उरलेली अंडी मोजून सांगत असेल तर एकतीस म्हणायला हवं होतं. अडतीस कुठून आली? या बाईला लोक

(इथे आजी एक शब्द बोलल्या, तो मी गाळला आहे. लेखनिक.)

अशी आहे तुझी आई. उत्तर दे.

आजी


मंगळवार, चौदा तारीख. पेटीचा अकरावा दिवस.

मोजपट्टीस,

आधी मास्तरचा निकाल. मागचं पत्र टाकण्याआधी मी ते औषधाच्या दुकानातल्या मुलीकडून वाचून घेतलं. ती वाचता वाचता अडखळली आणि हसली, तेव्हा कळलं की मास्तरने कंसात आपली अक्कल घातलीय. शब्द गाळलाच, वर तसं कळवलंय. मी त्याला विचारलं, गाळायचा तर गुपचूप गाळायचा. तो म्हणाला, आजी, ते खोटं झालं असतं. मग मी त्याला ठेवून घेतला. या गल्लीत एवढं खरं बोलणारा दुसरा मिळायचा नाही.

तुझं उत्तर काल आलं. पाकीट जाड होतं, मला बरं वाटलं. आत एक चित्र आणि तीन ओळी. चित्रात एक चौकोन आणि चौकोनात एकात एक अंडाकृती रेघा, पिळलेल्या कापडासारख्या. मास्तर म्हणाला, ही तुमच्या पेटीतली हवा आहे. मी ते चित्र पेटीच्या दाराला चिकटवलंय. छान आहे.

आणि ओळी त्याने मला चार वेळा वाचून दाखवल्या. "आजी, दार कमी वेळा उघड. माणूसच लागतो असं नाही, पण चढउतार झाला की अंड्यांना सोसत नाही, एकसारखं हवं. आणि सकाळी कान उजवीकडे पिळायचं बंद कर."

आता मोजपट्टे, तू मोठी शिकलेली आणि मी अक्षरशत्रू, पण मला एक सांग. सकाळी मी कान उजवीकडे पिळते हे तुला कोणी सांगितलं?

मी नाही सांगितलं. मास्तरला विचारलं, त्याने कातरीवर हात ठेवून सांगितलं की पहिल्या पत्रात नव्हतं, दुसऱ्यातही नव्हतं. मी काही लपवलं असं नाही. सकाळी पेटी गार असते, मी कान जरासा पिळते, हे काय पत्रात लिहायचं असतं? भात लावताना मीठ घातलं हे कोणी लिहितं का? पण घरात ते कोणाला दिसायचं कारण नाही. मी पिळते तेव्हा तुझी आई न्हाणीघरात असते आणि तुझा बाप अंथरुणात.

म्हणजे कोणीतरी पाहतंय. आणि पाहून तुला सांगतंय. आणि तू तिकडे बसून ऐकतेस, आणि मला मात्र आवाज तुटतोय.

मागच्या खोलीतला तो फोन यंत्रवाल्याला नव्हता तर.

मी ज्याला चोराची तक्रार केली तोच चोराचा भाऊबंद निघाला की काय, एवढंच मला आता बघायचंय. उद्यापासून दुपारी मी झोपणार आहे. घोरणारही आहे.

आजी


शुक्रवार, सतरा तारीख. पेटीचा चौदावा दिवस.

नातीस,

काल पकडली.

मी भिंतीकडे तोंड करून घोरत होते. ती आली, चपला बाहेर काढून आली, आणि तिने कान डावीकडे पिळला. मी म्हटलं, किती पिळलास तेही सांग, म्हणजे लिहून घेता येईल. ती दचकली नाही. हे मला सगळ्यात जास्त लागलं. ती जणू दोन वर्षं या प्रश्नाची वाट पाहत होती. ती म्हणाली, "आई, उठा. स्वयंपाकघरात चला."

तिने ओट्यावर दोन वाडगे ठेवले, दोन्हींत पाणी. म्हणाली, यातलं गरम कुठलं ते सांगा. मी म्हटलं, पोरखेळ आहे का. तरी हात घातले, एक इकडे, एक तिकडे. दोन्ही कोमट होती. मी सांगितलं, दोन्ही कोमट. माझा उजवा हात वर काढून तिने माझ्यासमोर धरला. मनगटापर्यंत लाल झाला होता, बीटासारखा. तिने दोन्ही वाडग्यांत आपलं बोट घालायचा प्रयत्न केला. उजव्यात तिला ठेवता आलं नाही.

मी म्हटलं, हाताला नसेल कळत, पापणीला कळतं. ती म्हणाली, "आई, पापणीही तुमचीच आहे."

मग सगळं बाहेर आलं. तू गेलीस तेव्हा तुझ्या तारा सगळ्या काढून नेल्या असं मला वाटलं होतं. एक राहिली. भुशाच्या फटीत, केसाएवढी, टोकाला मोहरीएवढा मणी. तो मणी आतली ऊब मोजतो आणि आकडा तुझ्या फोनवर जातो आणि तुझ्या आईच्या फोनवर. अडतीस म्हणजे ते. दोन वर्षं. मी सकाळी उजवीकडे पिळायचे, ती दुपारी डावीकडे आणायची. मला पुन्हा गार लागायचं, मी संध्याकाळी पुन्हा उजवीकडे. तिच्या डोक्यात मी अंडी शिजवतेय, माझ्या डोक्यात ती थिजवतेय, आणि आत अंडी बिचारी या दोघींच्या मधे चढउतार करत बसलेली. गेल्या दोन खेपा कोणी मारल्या? तिने नाही, मी नाही. आमच्या घासाघीशीने मारल्या.

मी विचारलं, सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा पेटीजवळ गेला नसतात. मग तुम्ही जेवला तरी असता का?"

मी चिडले. तिच्यावर कमी, तुझ्यावर जास्त. मास्तर, हे नीट लिही, गाळू नकोस. दोन वर्षं तू माझ्या पेटीत बसली होतीस. रोज. मी अंडं पापणीला लावायचे तेव्हा तुला तिकडे कळत होतं की म्हातारीला आता कळत नाही. मी कूस बदलायला दार उघडलं की तुझा आकडा खाली. तू माझ्या घरात होतीस आणि मला तू नव्हतीस. याला माया म्हणायचं की पाळत, ते मला ठरवता येत नाही. तुझ्या शास्त्रात त्याचं मापटं असेल तर कळव. नाहीतर कळवू नकोस.

मास्तर विचारतोय, खाली काय लिहू. काही लिहू नकोस म्हटलं.


बुधवार, बावीस तारीख. पेटीचा एकोणिसावा दिवस.

मोजपट्टीस,

चार दिवस मी पेटीजवळ गेले नाही. तुझी आई म्हणाली होती तसंच झालं. जेवले, पण थोडं. तुझा बाप तेवढ्यात म्हणाला, आता यंत्र आणू या का. मी आणि तुझी आई दोघींनी एकदम त्याच्याकडे पाहिलं. तो परत वर्तमानपत्रात गेला. लग्नापासून आम्ही दोघींनी एकदम केलेली ही पहिलीच गोष्ट.

काल सकाळी दहाला वीज गेली. रस्त्यावरचा खांब बदलत होते, संध्याकाळपर्यंत येणार नाही म्हणाले. अठरावा दिवस, ज्या दिवशी अंडी सगळ्यात नाजूक. आत सत्तावीस जिवंत, चार मधे गेली होती. तुझी आई धावत आली, फोन हातात. तुझा तो मणीही विजेवरच चालतो म्हणे, आकडा बंद. ती दार उघडायला निघाली, आत हात घालून पाहायला. मी खुर्चीवरून म्हटलं, "दार नको. दार उघडलंस की जे गेलं ते परत भरता येणार नाही."

मग आम्ही कामाला लागलो. मी सांगायचं, तिने करायचं. वरची दोन्ही बुचं लावली. पेटीवर घरातल्या सगळ्या गोधड्या टाकल्या, तुझ्या बापाची पांघरलेलीही काढून घेतली. गॅसवर पाणी तापवून बाटल्या भरल्या. ती म्हणाली, चारही बाजूंना ठेवू या. मी म्हटलं, अजिबात नाही. चारही बाजूंनी तापवलीस तर हवा गोंधळेल, वर गरम थर साचून बसेल आणि तळ गारच राहील. बाटल्या फक्त डाव्या भिंतीशी, दिव्यांच्या जागी, तळाला. हवेला चढायला एक भिंत हवी आणि उतरायला एक. तिला तिची रोजची वाट द्यायची. ती चालते.

दर अर्ध्या तासाने दिव्यांखालची, दिवे बदलायला ठेवलेली छोटी झडप सरकवून बाटल्या बदलायच्या, दार तसंच बंद. पण बाटली किती गरम? मी हातात धरली, मला सारखीच वाटली. तुझी आई माझ्याकडे पाहत होती. मी बाटली तिच्या हातात दिली. ती आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावायची आणि सांगायची. फार आहे. बरी आहे. थोडी आणखी. मी तिला दर वेळी विचारायचे, नक्की का. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती म्हणाली, "आई, आता तरी विश्वास ठेवा, नाहीतर स्वतः धरा." मी पुढची बाटली तिच्या हातात दिली. सवय मोडायला वेळ लागतो.

साडेपाचला वीज आली, तुझा आकडा आला. साडेसदतीस. ती मला आकडा दाखवत होती, मला काय वाचता येणार, पण तिचा चेहरा वाचता आला. खांबवाल्यांना तिने पाणी नेऊन दिलं. मला आधी वाटलं पुन्हा काहीतरी शिजतंय. नुसतं पाणीच होतं.

आता अंड्यांची कूस बदलायची नाही, दार उघडायचं नाही, वाट पाहायची. कान तिच्याकडे आहे. मी पेटीसमोर बसते, हात मांडीवर.

तू आकडा बघत असशीलच. बघ.

आजी


शनिवार, पंचवीस तारीख. पेटीचा बाविसावा दिवस.

मोजपट्टीस,

काल सकाळी पहिलं अंडं वाजलं. मी ऐकलं, तुझ्या आईने ऐकलं नाही, म्हणजे माझं काहीतरी अजून शाबूत आहे. दुपारपर्यंत आतून टकटक सगळीकडे. संध्याकाळी अकरा, आज सकाळी आणखी दहा. एकवीस पिल्लं, भिजून चिकटलेली, मग वाळून फुललेली. तीन अजून आतून टोच मारतायत. तीन गेली. छत्तिसांत एकवीस, निम्म्याहून जास्त. ठिपके कितींना येतील ते महिन्याभराने कळेल, पण चोचीवरून मला अंदाज आहे.

तुझा बाप पेटीसमोर उकिडवा बसून पिल्लं पाहत होता. दहा मिनिटांनी म्हणाला, यंत्राचं पुढच्या वर्षी बघू. मी म्हटलं, पुढच्या वर्षी कान सूनबाईचा, तिला विचार. तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी तिच्याकडे तीस वर्षं पाहत आले, की आता ही काय चाल खेळतेय. मला ते आवडलं. तिलाही थोडं जड जाऊ दे.

पेटीत एक नवी नळी बसवलीय. ती वाचेल, मी अंड्यांची कूस बदलीन. आवाज ऐकीन. हवेची वाट मला कळते, ऊब तिला कळते. तशी आमची वाटणी झालीय. भांडण व्हायचं ते होईलच.

आज हे पत्र मास्तरने लिहिलेलं नाही. अक्षर ओळखलं असशील. मास्तरला मी सांगितलं की आज मला त्याची गरज नाही. तो जरा खट्टू झाला. म्हणाला, आजी, शेवटचं पत्र कसं झालं ते तरी सांगा. सांगेन म्हटलं. त्याला कंस घालायला जागा ठेवीन.

तुझ्या आईला बसवलंय कारण जे आता सांगायचंय ते तिच्या हातून जायला हवं. तिला अजून माहीत नाही मी काय सांगणार आहे. लिही गं तू, थांबू नकोस.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या चाळीस अंड्यांचं. तू तारा लावून तीन दिवस बसली होतीस. तिसऱ्या दिवशी तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, आजी, राग मानू नको, पण तुझा हात चुकतोय, तू पेटी फार तापवतेस. सगळ्यांसमोर नाही म्हणालीस, हळूच म्हणालीस. मला राग आला. तू आंघोळीला गेलीस तेव्हा मी नळी बाहेर काढली, कारण ती तुझ्या बाजूने बोलत होती. ती फुटली नाही. मी ती दगडावर ठेवली आणि वर दगड ठेवला. मग कान पिळला, उजवीकडे, शेवटपर्यंत. पापणीला बरं लागेपर्यंत. दुसऱ्या दिवशी अंडी मेली होती.

सगळे म्हणाले, पोरीच्या तारांनी मारली. मी तिथेच उभी होते. मला बोलता आलं असतं. तुझा बाप तुला ओरडला, तुझी आई तुला म्हणाली, शिकून हेच केलंस का. तू माझ्याकडे पाहिलंस. तुला माहीत होतं. तारेने तुला आकडा दाखवला होता, कधी वाढला तेही दाखवलं असेल. तू बोलली नाहीस. बॅग भरलीस आणि एक तार मागे ठेवून गेलीस. चुकून राहिली असं मी इतके दिवस मनाशी म्हणत होते.

ती अंडी मी मारली. तू नाही.

तुझ्या आईचं पेन थांबलंय. ती मला विचारतेय, हे खरंच लिहू. लिही म्हटलं. ती म्हणतेय, मी फोन करून तिला सांगते. फोन नको. फोनवर सांगितलं तर तू म्हणशील आवाज तुटतोय, आणि या वेळी खरंच तुटेल, माझाच. हे कागदावर राहू दे, माझ्या तोंडचं, तिच्या अक्षरात.

ये म्हणत नाही. यायचं की नाही ते तू ठरव, आणि ठरवायला हवा तेवढा वेळ घे. उरलेला अर्धा आशीर्वाद यासोबत आहे, उत्तराची अट काढून टाकली.

पान अजून अर्धं शिल्लक आहे म्हणते तुझी आई. मी तिला म्हटलं, ते तुझं. ती म्हणाली, काय लिहू ते सांगा. मी म्हटलं, तुझ्या मुलीला तुला काय लिहायचंय ते मी का सांगू. लिही, पाकीट बंद कर आणि टाक. मला वाचून दाखवू नकोस.

आजी